पेटीतला हाली रुपया: जुन्या नाण्याची किंमत कशी ठरते?

🧵 धागा

१/
"घरात एक जुने नाणे सापडले आहे. याचे किती येतील?" इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जातो, तितका दुसरा क्वचितच. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, त्वरितादेवीच्या मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या तलवाड्यासारख्या गावात, असे नाणे बहुधा आजीच्या पेटीत किंवा देव्हाऱ्यात निघते. त्यावर चारमिनारचे चित्र असते आणि भोवती फारसी अक्षरे. तेच नाणे हाती घेऊन आज या प्रश्नाचे उत्तर शोधू.

२/
आरंभीच सांगून ठेवतो: नाण्याला एक किंमत नसते, तीन असतात. पहिली धातूची, ती तराजू सांगतो. दुसरी बाजाराची, ती संग्राहक ठरवतात. तिसरी इतिहासाची, ती नाणे कोठून आले व कोणाचे होते यावर अवलंबून असते. या तिन्हींची गल्लत झाली की माणूस एक तर फसतो, नाही तर हातची वस्तू मातीमोल करून बसतो.

३/
प्रथम ओळख. तलवाड्यात चारमिनार कसा आला? बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाचे चलन स्वतंत्र होते. त्याला 'हाली सिक्का' म्हणत. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. शेजारच्या इंग्रजी मुलखातील रुपयाला लोक 'कलदार' म्हणत, कारण तो कलेने, म्हणजे यंत्राने पाडलेला. मराठवाड्यातील वृद्धांच्या तोंडी हे दोन्ही शब्द अगदी अलीकडेपर्यंत होते.

४/
जुने हाली रुपये हाताने ठोकलेले असत. ते ओबडधोबड, जाड, कडेला अक्षरे तुटलेले दिसतात. १८५७ च्या उठावापर्यंत त्यांवर दिल्लीच्या मोगल बादशहाचे नाव येत असे. बादशाही संपल्यावर त्या जागी निजामाची 'आसफजाह' ही पदवी आली. चारमिनारचे सुबक, यंत्रावर पाडलेले रुपये त्यानंतरचे, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचे.

५/
आता चारमिनारच्या मधल्या कमानीकडे भिंगातून पाहा. तेथे एक लहानसे अक्षर कोरलेले असते. 'मीम' असेल तर नाणे सहावे निजाम महबूब अली खान यांचे (कारकीर्द १८६९ ते १९११). 'ऐन' असेल तर सातवे आणि अखेरचे निजाम उस्मान अली खान यांचे. फारसी लिपी येत नसली तरी केवळ या एका अक्षरावरून राज्यकर्ता सांगता येतो.

६/
नाण्यावरील वर्ष हिजरी सनाचे असते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने आपल्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. म्हणून सोपा हिशेब असा: हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणा आणि त्यात ६२२ मिळवा. समजा वर्ष १३३७ आहे. गुणाकार सुमारे १२९७, अधिक ६२२, म्हणजे १९१९ च्या आसपास. प्रत्यक्षात हिजरी १३३७ हे १९१८ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन १९१९ च्या सप्टेंबरात संपले. दुसऱ्या बाजूला किंमत, टांकसाळीचे नाव आणि राज्यारोहणापासूनचे वर्ष असते. टांकसाळीचे बिरुद 'फरखुंदा बुनियाद हैदराबाद', म्हणजे शुभ मुहूर्तावर पाया घातलेले हैदराबाद.

७/
ओळख पटली, आता वजन. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा चारमिनार रुपया सुमारे ११.१८ ग्रॅम भरतो आणि त्यात ८१.८ टक्के चांदी असते. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. त्याच काळातील कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, आणि त्याच्या १२ भागांपैकी ११ भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम.

८/
हे आकडे कोरडे वाटतील, पण एक गुणाकार करून पाहा. सात हाली रुपयांतील चांदी सुमारे ६४ ग्रॅम. सहा कलदार रुपयांतील चांदीही सुमारे ६४ ग्रॅम. आणि या दोन चलनांचा रूढ विनिमय दर काय होता? सात हालीला सहा कलदार! सामान्य माणसाच्या हिशेबात: एक कलदार म्हणजे एक रुपया, दोन आणे, आठ पै हाली. दप्तरातील दर आणि आज आपल्या तराजूवरचे वजन एकमेकांची साक्ष देतात.

९/
हा दर केवळ दप्तरात नव्हता. गेवराईच्या पश्चिमेला असलेले शेवगाव, पाथर्डी हे भाग अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात होते. बाजारासाठी, सोयरिकीसाठी हद्द ओलांडणाऱ्या माणसाची भाषा तीच राही, नातीगोती तीच राहत, पण खिशातले नाणे बदलावे लागे. वाटेत करोडगिरीचे, म्हणजे निजामाच्या जकातीचे नाके असे. नाणे बदलून देणारा सराफ आपला बट्टा कापून घेई.

१०/
'नावाला बट्टा लागणे' हा वाक्प्रचार याच बट्ट्याची आठवण देतो. नाणे दगडावर आपटून त्याचा नाद ऐकायची सराफांची रीत होती. खरे असेल ते खणखणीत वाजे. आजही आपण गुणी माणसाला 'खणखणीत नाणे' म्हणतो. सरकारी खजिन्यातील नाणी पारखणारा तो पोतदार. आपल्या वर्गात एखादा पोतदार असेलच. त्याच्या आडनावात हा व्यवसाय अद्याप जिवंत आहे.

११/
या नाण्याला राजकीय इतिहासही आहे. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हैदराबाद सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलनाची आपल्या राज्यातील कायदेशीर मान्यता काढून घेतली. त्याच सुमारास पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्जही देऊ केले. भारत सरकारने या दोन्ही गोष्टींना कराराचा भंग मानले. कोणत्या रुपयात व्यवहार करायचा हा प्रश्न तेव्हा कोणाच्या राज्यात राहायचे या प्रश्नाशी जोडला गेला होता.

१२/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. हाली चलन लगेच नाहीसे झाले नाही. काही काळ दोन्ही रुपये शेजारी शेजारी चालले, दर तोच, सात हालीला सहा भारतीय. गंमत पाहा: १९४७ पासून भारताचा रुपया निकेलचा झाला होता, त्यात चांदी उरली नव्हती, तरी चांदीने ठरलेले प्रमाण हिशेबात टिकून राहिले. पुढे १९५० च्या दशकात हाली मागे घेतला गेला. म्हणून आज हे नाणे बँकेत नेले तर त्याबदल्यात काहीही मिळणार नाही. चलन म्हणून त्याची किंमत शून्य आहे.

१३/
आता पहिली किंमत: धातूची. सराफाच्या काट्यावर दोन दशांश स्थळांपर्यंत वजन करून घ्या. वापराने थोडी झीज झालेली असते, म्हणून ११ ग्रॅमच्या आसपास भरले तर समाधान मानावे. फारच कमी भरले किंवा लोहचुंबकाला चिकटले तर ते खरे नाही. वजनाला ०.८१८ ने गुणून त्या दिवशीच्या चांदीच्या दराने हिशेब करा. जो आकडा येईल तो त्या नाण्याचा तळ समजा; त्याच्या फार खाली कोणी मागत असेल तर नाणे परत खिशात घाला.

१४/
दुसरी किंमत: बाजाराची. ती तीन गोष्टींवर ठरते. तसे नाणे किती उरले आहे, ते कोणत्या अवस्थेत आहे आणि ते हवे असणारे किती जण आहेत. चारमिनार रुपये विपुल प्रमाणात पाडले गेले आणि लोकांनी ते जपूनही ठेवले. त्यामुळे सामान्य वर्षांच्या, झिजलेल्या रुपयाला चांदीपेक्षा फार मोठी रक्कम मिळत नाही. सोन्याची अशरफी, विरळ वर्षे, न वापरलेली तुकतुकीत नाणी यांची गोष्ट वेगळी.

१५/
वय म्हणजे किंमत नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवा. सातवाहनांची काही मिश्रधातूची नाणी जवळजवळ दोन हजार वर्षांची आहेत. पण ती पुष्कळ सापडतात, म्हणून संग्राहकांना ती अगदी माफक दरात मिळतात. उलट शंभर वर्षांचेही नसलेले एखादे नाणे, केवळ त्या वर्षी फार थोडी पाडली गेली म्हणून, मोठी रक्कम आणते.

१६/
बाजारभाव कळण्याचा खरा मार्ग एकच: तशाच नाण्याची पूर्वी झालेली विक्री. मुंबई, पुणे, बंगळुरू येथील लिलाव कंपन्या आपल्या सूची आणि मिळालेले भाव प्रसिद्ध करतात. तेथे तोच राज्यकर्ता, तेच वर्ष आणि तीच अवस्था शोधा. जाहिरातीत कोणी 'पाच लाख' लिहिले असेल तर ती मागणी आहे, विक्री नव्हे. आपल्या बैलाची किंमत कोणीही कितीही सांगू शकतो. बाजारात पैसे मोजले जातात तेव्हा ती ठरते.

१७/
नाणे घासू नका. राख, चिंच, लिंबू यांनी चकाकी येते, पण वरचा थर निघून जातो आणि बारीक ओरखडे उठतात. संग्राहक ते पहिल्या नजरेत ओळखतो आणि भाव पाडतो. धूळ असेल तर साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडावर ठेवून कोरडे करा, इतकेच. हाताळताना नाणे कडेने धरा.

१८/
पुष्कळ हाली रुपयांना वर कडी जोडलेली असते, कारण ते गळ्यातल्या माळेत ओवलेले होते. कडीमुळे बाजारभाव निश्चित घटतो. पण इतिहासाच्या दृष्टीने ती कडीच बोलते. बँक नसलेल्या गावात बाईची बचत तिच्या अंगावर असे, आणि दुष्काळ आला की आधी तीच मोडली जाई. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात जो रुपया मोडीत न जाता आजवर उरला, त्याच्यामागे त्या घराने काढलेली काही कठीण वर्षे आहेत.

१९/
आता फसवणुकीकडे वळू. 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असे लिहिलेली आणि राम-सीता, हनुमान किंवा लक्ष्मी यांची चित्रे असलेली तांब्या-पितळेची 'नाणी' गावोगाव दिसतात. ती चलनी नाणी नव्हेत. ती उत्तरकाळी बनवलेली देवस्थानी धर्तीची पदके आहेत. कंपनीचा सर्व मुलखात चालणारा एकसारखा रुपया १८३५ मध्ये आला आणि त्यावर इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याचे चित्र होते.

२०/
तांब्याचे नाणे तांदूळ ओढते, म्हणून त्याला कोट्यवधी रुपये मिळतात, ही 'राईस पुलर'ची थाप. त्यात अनेकांनी 'चाचणी'च्या नावाखाली पैसे घालवले आहेत. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे २०१२ मधील स्मारक नाणे आहे. ते लाखांना विकले जाते या बातमीला आधार नाही. हे गुन्हेगार सर्वत्र एकच रीत वापरतात: आधी मोठा आकडा, मग नोंदणी शुल्क, मग कर, मग मौन. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर निवेदन काढून सांगितले की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक नसते आणि त्यासाठी शुल्क वा कमिशन मागत नाही. सूत्र सोपे आहे: विकणाऱ्याने पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात.

२१/
उरली तिसरी किंमत. ती समजण्यासाठी तलवाड्याच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या गोदावरीच्या काठाने वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यात जाऊ. १९०६ मध्ये तेथील जोगलटेंभी गावी चांदीच्या लहान नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. संख्या तेरा हजारांहून अधिक. सगळी नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्या राजाचा शिक्का पुन्हा ठोकलेला होता: गौतमीपुत्र सातकर्णी.

२२/
याचा अर्थ काय? नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री आपल्या मुलाने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे सांगते. ते मातेचे कौतुक आहे की घडलेली घटना, असा प्रश्न विचारता आला असता. जोगलटेंभीच्या साठ्याने उत्तर दिले. हरलेल्या राजाचे चलन विजेत्याने मोडून टाकले नाही. त्यावरच आपली मुद्रा उमटवून ते पुन्हा बाजारात आणले. त्या सत्तांतराचा याहून थेट पुरावा दुसरा नाही.

२३/
आता कल्पना करा: तो साठा सापडणाऱ्याने तेरा हजार नाणी मुशीत घातली असती तर? प्रत्येक नाणे सुमारे दोन ग्रॅमचे. सगळी मिळून २५-२६ किलो चांदी. पहिली किंमत पुरेपूर वसूल झाली असती. आणि ती नाणी वेगवेगळ्या शहरांत सुटी सुटी विकली गेली असती, तर दुसरीही मिळाली असती. पण 'एकाच जागी इतकी नाणी, आणि त्यांतली दोन तृतीयांश पुन्हा छापलेली' हे वाक्य आपल्याला कधीच लिहिता आले नसते. तिसरी किंमत एका नाण्यात नसते. ती जागेत, संख्येत आणि सोबतीत असते.

२४/
म्हणूनच शेतात नांगरताना किंवा जुने घर पाडताना नाणी सापडली तर तेथे कायदा लागू होतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. लपवणे हा गुन्हा आहे. कळवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, हा समज मात्र चुकीचा. सरकारने ठेवा ठेवून घ्यायचे ठरवले तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक मोबदला देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. भीतीपोटी सराफाच्या मुशीकडे धावणारे हे जाणत नाहीत.

२५/
आजीच्या पेटीतील रुपयाचा प्रश्न वेगळा आहे. ती घरची मालमत्ता, ती जवळ बाळगण्यात काही गैर नाही. फक्त १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे 'पुरावस्तू' ठरते. ते परस्पर परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायचा तर परवाना लागतो. हिजरी १३३७ चा आपला रुपया ही मर्यादा ओलांडून गेला आहे.

२६/
दाखवावे कोणाला? नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचा मोठा संग्रह आहे आणि रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालयही आहे. मराठवाड्यात धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील वस्तुसंग्रहालय अवश्य पाहावे. जाताना नाण्याच्या दोन्ही बाजूंची, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेली स्वच्छ छायाचित्रे आणि वजन सोबत न्या. अभ्यासक ओळख सांगतील, भाव सांगणार नाहीत; पण ओळख कळली की भाव तुम्हालाच शोधता येतो.

२७/
आणि आज संध्याकाळी एक काम करा. कागदावर पाच ओळी लिहा. नाणे कोणाकडे होते, त्यांचे गाव कोणते, ते कसे मिळाले (मजुरी, हुंडा, शेतमाल, वारसा), त्याला कडी का लावली, आणि ते आजवर का विकले नाही. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला विचारा. हाली आणि कलदार दोन्ही हाताळलेली माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत. नाणे आणखी शंभर वर्षे टिकेल. ही माहिती टिकणार नाही.

२८/
मग विकावे की नाही? घराला गरज असेल तर जरूर विका, त्यात कमीपणा नाही. आपल्या पणजीने तो रुपया अडचणीच्या दिवसासाठीच ठेवला होता. फक्त तळाची किंमत काढून, दोन ठिकाणी भाव विचारून आणि त्या पाच ओळी व छायाचित्र स्वतःजवळ ठेवून विका. गरज नसेल, तर चांदीहून थोड्याशाच अधिक रकमेसाठी ते घराबाहेर का घालवायचे, याचा विचार करा.

२९/
तुमच्या घरी हाली रुपया, आणेली किंवा पै असेल तर खाली छायाचित्र आणि गावाचे नाव टाका. कमानीतले अक्षर आणि वर्ष आपण मिळून वाचू. घरचा पत्ता व पेटीतला एकूण ऐवज मात्र लिहू नका. बीड, जालना, परभणी, नांदेड, धाराशिव, लातूर. कोणत्या गावात कोणती नाणी जपली गेली याची नोंद आपणच करू शकतो.

#मराठवाडा #नाणी #हाली_सिक्का #इतिहास